रक्तातच आहे म्हणे!



हा अंक तुमच्या हाती दोन आठवडे उशिरा पडतो आहे. कारण घरचंच आहे. माझी थोरली बहीण, आमची ताई, जवळजवळ महिनाभर दवाखान्यात होती. अंकाची निम्मी मुद्रितं मी तिच्या खाटेशेजारी स्टुलावर बसून तपासली. तेव्हा या वेळचं संपादकीयही तिथूनच सुरू करते.

ताई प्राथमिक शाळेत चौतीस वर्षं शिकवून निवृत्त झाली. दोन वर्षांपूर्वी तिला जिना चढताना दम लागायला लागला. डॉक्टरांनी आधी वजन कमी करायला सांगितलं. मग ॲसिडिटीच्या गोळ्या झाल्या. मग ‘या वयात बायकांना असं होतंच’ म्हणून टॉनिक झालं. रात्री तिला आडवं झोपवेना. आधी एक उशी, मग दोन, मग तीन आणि शेवटी भिंतीला टेकून बसूनच रात्र काढायची. पायांवर सूज इतकी, की चपलेचा पट्टा रुतायचा. आम्ही घरचे, त्यात मीही आले, ‘रोज थोडं फिरायला जात जा’ एवढंच सांगत राहिलो. स्त्रियांच्या आरोग्यावर भाषणं देत गावोगाव फिरणारी मी, सख्ख्या बहिणीच्या उशांची संख्या वाढते आहे हे माझ्या लक्षात आलं नाही. शेवटी एको काढला तेव्हा कळलं, हे हार्ट फेल्युअर आहे.

वॉर्डातला तरुण डॉक्टर भला होता. तो ताईला समजावत म्हणाला, “आजी, आपल्या इंडियन लोकांना हे लवकरच होतं. जीन्सच तशा असतात. रक्तातच आहे म्हणा ना!” ताईमधली मास्तरीण अजून निवृत्त झालेली नाही. तिनं त्याला दोन प्रश्न विचारले. पहिला, “रक्तातच आहे म्हणजे नक्की काय आहे?” आणि दुसरा, “ही जी गोळी तू मला देतोयस, ती माझ्यासारख्या बाईला देऊन कुणी तपासलीय का आधी?” डॉक्टर हसला आणि पुढच्या खाटेकडे गेला. त्याच्याकडे तेवढा वेळ नव्हता, त्याला दोष देत नाही. पण ते दोन प्रश्न माझ्यापाशी राहिले. रात्री ताईला डोळा लागला की मी वाचत बसायची. वाचता वाचता जाऊन पोचले ती अमेरिकेत, तिथल्या काळ्या लोकांपाशी. कारण रोग रक्तात असतो की जगण्यात, आणि औषध कुणावर तपासायचं, हा वाद या रोगाच्या बाबतीत तिथे फार उघडपणे लढला गेला आहे.

आधी रोगाविषयी दोन शब्द. हार्ट फेल्युअर म्हटलं की हृदय बंद पडलं असं वाटतं. तसं नसतं. हृदय चालूच असतं, पण शरीराला लागेल तेवढं रक्त पुढे ढकलण्याची त्याची ताकद कमी झालेली असते, किंवा ते ताठर होऊन नीट भरत नाही. मग पाणी साचतं, फुफ्फुसात आणि पायांत. हा हार्ट अटॅक नव्हे, पण अटॅकनंतर हे होऊ शकतं. वर्षानुवर्षं वाढलेल्या रक्तदाबानं होतं, झडपांच्या आजारानं होतं, कधी बाळंतपणाच्या आगेमागेही होतं.

अमेरिकेत काळ्या माणसांना हा आजार गोऱ्यांपेक्षा लवकर गाठतो, ही गोष्ट खरी आहे. १९८५-८६ साली बर्मिंगहॅम, शिकागो, मिनियापोलिस आणि ओकलंड या चार शहरांतल्या १८ ते ३० वयाच्या ५,११५ तरुण-तरुणींची नोंद करून त्यांच्या प्रकृतीवर लक्ष ठेवायला सुरुवात झाली. ‘कार्डिया’ या नावानं हा अभ्यास ओळखला जातो. त्यात काळे आणि गोरे साधारण निम्मे-निम्मे होते. वीस वर्षांनंतरचे निष्कर्ष २००९ साली प्रसिद्ध झाले. तोवर पन्नाशीच्या आत हार्ट फेल्युअर झालेले २७ जण निघाले आणि त्यांतले २६ काळे होते. काळ्या स्त्रियांत हे प्रमाण १.१ टक्के होतं, गोऱ्या स्त्रियांत ०.०८ टक्के. म्हणजे ज्या वयात पोरं शाळेत असतात, घर आणि नोकरी दोन्ही डोक्यावर असतात, त्या वयात या बायकांचं हृदय थकतं.

आता या आकड्यांचं करायचं काय? सोपा रस्ता ताईच्या डॉक्टरचा. रक्तातच आहे! पण त्याच अभ्यासात आणखी एक गोष्ट आहे. ज्यांना पुढे हा आजार झाला, त्यांतल्या तीन चतुर्थांश लोकांना चाळिशीच्या आतच वाढलेला रक्तदाब होता. म्हणजे धोक्याची खूण दहा-वीस वर्षं आधी दिसत होती. ती मोजायला दंडावर पट्टा बांधण्यापलीकडे काही लागत नव्हतं, आणि त्यावर स्वस्त गोळ्याही होत्या. त्या काळात त्यांच्या दंडाला पट्टा किती वेळा बांधला गेला? डॉक्टरकडे जायला सुटी आणि विमा होता का? हे प्रश्न जनुकांचे नाहीत.

मग रक्तदाब तरी रक्तात असतो का? रिचर्ड कूपर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी याचं उत्तर चांगल्या रीतीनं शोधलं. ज्यांचे पूर्वज पश्चिम आफ्रिकेतले, पण जे आज वेगवेगळ्या देशांत राहतात, अशा लोकांचा रक्तदाब त्यांनी एकाच पद्धतीनं मोजला. १९९७ साली प्रसिद्ध झालेले त्यांचे आकडे असे: पश्चिम आफ्रिकेत वाढलेला रक्तदाब १६ टक्के लोकांत, कॅरिबियन बेटांवर २६ टक्के लोकांत आणि अमेरिकेत ३३ टक्के लोकांत. पूर्वज तेच. बदललं ते राहणं, खाणं, काम, शेजार आणि वागणूक. रक्तातच असतं तर नायजेरियातल्या खेड्यात ते आधी दिसायला हवं होतं.

आता ताईच्या दुसऱ्या प्रश्नाकडे येते, गोळी कुणावर तपासली? इथे बायडिल नावाच्या औषधाची गोष्ट सांगायलाच हवी.

हायड्रालाझिन आणि आयसोसॉर्बाइड डायनायट्रेट ही दोन जुनी, स्वस्त औषधं. दोन्ही रक्तवाहिन्या सैल करतात, म्हणजे हृदयावरचा भार हलका होतो. १९८० च्या दशकात अमेरिकेच्या माजी सैनिकांच्या रुग्णालयांतून, जे कोन यांच्या नेतृत्वाखाली, ही जोडी हार्ट फेल्युअरवर तपासली गेली. पहिल्या चाचणीत ६४२ रुग्ण होते. १९९१ साली प्रसिद्ध झालेल्या दुसऱ्या चाचणीत ८०४ होते, आणि त्यात या जोडीची तुलना एनालाप्रिलशी केली होती. या दोन्ही चाचण्यांत मिळून बायका किती होत्या? एकही नाही. सगळे पुरुष. दुसऱ्या चाचणीत एनालाप्रिल सरस ठरलं. एनालाप्रिलची जी मोठी चाचणी १९९१ साली गाजली, त्यात स्त्रिया होत्या, पण साधारण पाचात एक. ताईला सुरुवातीला दिलेली गोळी हीच. तिच्या प्रश्नाचं उत्तर असं अर्धंमुर्धं आहे.

या जोडीची एकच गोळी करून ती बायडिल नावानं विकायची परवानगी मागितली गेली, तेव्हा १९९७ साली अमेरिकेच्या अन्न व औषध प्रशासनानं ती नाकारली. पुरावा पुरेसा नाही म्हणून. मग जुन्या चाचण्यांचे कागद पुन्हा उघडले गेले आणि रुग्णांची काळे आणि गोरे अशी विभागणी करून पाहिली. पहिल्या चाचणीत ही जोडी मिळालेले काळे रुग्ण होते अवघे ४९. त्यांच्यात फायदा जास्त दिसतो, असा निष्कर्ष १९९९ साली छापून आला. त्याच वर्षी नायट्रोमेड या कंपनीनं औषधाचे हक्क घेतले. मूळ पेटंट २००७ साली संपणार होतं. ‘काळ्या रुग्णांवर उपचार’ अशी भर घालून घेतलेलं नवं पेटंट २०२० पर्यंत चालणार होतं. जनुक म्हणजे काय हे माहीत नसलेल्या बाईलाही या हिशेबाचा अर्थ कळेल.

इथवर वाचून वाटेल, चोरांचा बाजार आहे सगळा. मलाही तसंच वाटलं होतं. पण गोष्ट इथं संपत नाही, आणि पुढचा भाग सोडून दिला तर आपणही अप्रामाणिक ठरू.

२००१ साली नवी चाचणी सुरू झाली. तिच्यात १,०५० रुग्ण होते, सगळे स्वतःला काळे म्हणवणारे. त्यांची नेहमीची औषधं चालूच ठेवली होती, त्यांवर निम्म्यांना ही जोडगोळी आणि निम्म्यांना नुसती दिखाऊ गोळी. काळ्या हृदयरोगतज्ज्ञांची संघटना या चाचणीच्या पाठीशी उभी होती. या वेळी जवळजवळ चाळीस टक्के रुग्ण स्त्रिया होत्या. हृदयरोगाच्या चाचण्यांत हे दुर्मिळच. २००४ साली चाचणी मुदतीआधी थांबवावी लागली, कारण दिखाऊ गोळी घेणाऱ्यांत १०.२ टक्के मृत्यू झाले होते आणि औषध घेणाऱ्यांत ६.२ टक्के. वर्तमानपत्रांनी याला ‘मृत्यूत ४३ टक्के घट’ म्हटलं. साध्या भाषेत, शंभर माणसांमागे चार जीव वाचले. दोन्ही म्हणणी खरी आहेत. चार जीव थोडे नव्हेत. आणि बायकांनाही औषधाचा फायदा झाला, हे वेगळं तपासून पाहिल्यावर दिसलं.

२३ जून २००५ रोजी बायडिलला परवानगी मिळाली, फक्त काळ्या रुग्णांसाठी. एका वंशाच्या नावानं परवानगी मिळालेलं अमेरिकेतलं हे पहिलं औषध. आणि मग वाद पेटला. कायद्याचे अभ्यासक जोनाथन कान, काळ्या स्त्रीवादी विचारवंत डोरोथी रॉबर्ट्स यांनी विचारलं, चाचणीत गोरे रुग्णच नव्हते, तर हे औषध काळ्यांनाच अधिक लागू पडतं हे ठरवलं कशावरून? फक्त गोऱ्या पुरुषांवर तपासलेली औषधं ‘माणसांची औषधं’ म्हणून विकली जातात, त्यांच्या डबीवर ‘गोऱ्यांसाठी’ असं कुणी छापत नाही. काळ्यांवर तपासलेलं मात्र ‘काळ्यांचं’ होतं. समोरून काळे डॉक्टर म्हणत, आमचे रुग्ण आज मरताहेत, समाजशास्त्राचा वाद मिटेपर्यंत त्यांना थांबवायचं का? ज्यांनी १९३२ ते १९७२ अशी चाळीस वर्षं टस्कीगीत काळ्या पुरुषांना सिफिलिसवर उपचारावाचून ठेवलं, त्यांच्या देशात काळ्यांसाठी म्हणून नीट केलेली एक चाचणी यशस्वी होते, तीही नाकारायची का?

मी या वादात पुष्कळ दिवस मागेपुढे झाले. शेवटी मला दोन्ही बाजूंचं थोडं थोडं पटतं. औषध चांगलं आहे आणि ते मिळायला हवं. डबीवरचा वंश मात्र खोटा दिलासा देतो. आणि शेवट काय झाला पाहा. कंपनीनं किंमत अशी ठेवली, की बायडिल त्याच दोन औषधांच्या सुट्या गोळ्यांपेक्षा कितीतरी महाग पडत होतं. विक्री होईना, तेव्हा २००८ साली कंपनीनं जाहिरात आणि प्रचार थांबवला. आजही तिथल्या मार्गदर्शक सूचना आजार बळावलेल्या काळ्या रुग्णांना ही जोडी द्या म्हणून सांगतात, आणि ज्यांना मिळायला हवी त्यांतल्या बहुतेकांना ती मिळत नाही. रक्ताच्या नावानं पेटंट मिळालं, त्या माणसांना औषध मात्र पोचलं नाही.

का पोचत नाही? कारण औषधाच्या आधी डॉक्टर येतो, आणि डॉक्टरच्या डोळ्यावर त्याच्या समाजाचा चष्मा असतो. १९९९ साली ७२० डॉक्टरांना छातीत दुखणाऱ्या रुग्णांच्या चित्रफिती दाखवल्या गेल्या. रुग्ण म्हणजे नट-नट्या, बोलणं तेच, गाऊन तोच, तक्रार तीच. हृदयाच्या रक्तवाहिन्यांची पुढची तपासणी कुणाला सांगाल, असं विचारलं. गोरा पुरुष, काळा पुरुष आणि गोरी स्त्री या तिघांनाही ती सुमारे ९१ टक्के वेळा सांगितली गेली. काळ्या स्त्रीला ७९ टक्के वेळा. वर्तमानपत्रांनी तेव्हा हे ‘काळ्यांना आणि बायकांना तपासणी चाळीस टक्के कमी’ असं फुगवून छापलं, आणि ती चूक इतर संशोधकांनी दाखवून दिली, ते बरंच झालं. पण फुगा फुटल्यावर जे उरलं ते जास्त बोलकं आहे. नुसतं काळं असण्यानं फरक पडला नाही, नुसतं बाई असण्यानंही नाही. दोन्ही एका अंगावर आलं तेव्हा पडला. काळ्यांचा हिशेब आणि बायकांचा हिशेब वेगवेगळ्या वह्यांत मांडला, तर ही बाई कुठल्याच वहीत सापडत नाही.

२०१९ साली बोस्टनमधल्या एका नामांकित रुग्णालयाच्या डॉक्टरांनी आपल्याच घरातली दहा वर्षांची कागदपत्रं तपासली. हार्ट फेल्युअरनं दाखल झालेल्या काळ्या आणि लॅटिनो रुग्णांना हृदयरोग विभागात खाट मिळण्याची शक्यता गोऱ्यांपेक्षा कमी होती, त्यांना जनरल मेडिसिनला पाठवलं जाई. बायकांचंही तसंच. कुणी मुद्दाम ‘नको’ म्हटलं होतं असं नाही. ज्याचा ओळखीचा हृदयरोगतज्ज्ञ आहे, जो ठामपणे मागतो, त्याला मिळतं. ही गोष्ट आपल्याला बोस्टनला जाऊन शिकावी लागत नाही. आपली उणीव स्वतः मोजून छापण्याचं धैर्य मात्र शिकण्याजोगं आहे.

एक उदाहरण तर गणिताचंच आहे. दाखल झालेला रुग्ण किती गंभीर आहे हे ठरवायला तिथे एक गुणपत्रक वापरलं जाई. त्यात रुग्ण ‘काळा नसेल’ तर तीन गुण वाढायचे. म्हणजे बाकी सगळं सारखं असताना काळी बाई कागदावर कमी धोक्यातली ठरायची. का? तर जुन्या आकडेवारीत काळ्यांचे दवाखान्यातले मृत्यू कमी दिसले होते. ते मुळात तरुण वयात आजारी पडून येतात, घरी गेल्यावर पुन्हा आजारी पडतात, हे त्या तीन गुणांत कुठून दिसणार? २०२० साली काही डॉक्टरांनी अशी अनेक गुणपत्रकं एकत्र मांडून दाखवली. त्यानंतर २०२१ साली मूत्रपिंडाचं काम मोजण्याच्या सूत्रातून वंश काढला गेला, आणि २०२३ साली हृदयरोगाचा धोका सांगणाऱ्या नव्या सूत्रातही तो ठेवला नाही.

आता कुणी म्हणेल, म्हणजे जनुकांचा काहीच संबंध नाही का? आहे. जिथे आहे तिथे तो मान्य केला पाहिजे. ट्रान्सथायरेटिन नावाच्या एका प्रथिनाच्या जनुकात असलेला एक बदल अमेरिकेतल्या काळ्या लोकांपैकी तीन ते चार टक्के लोकांत आढळतो. त्यानं उतारवयात हृदयाच्या स्नायूत एक चिवट पदार्थ साचतो आणि हार्ट फेल्युअर होतं. हा धोका खरा आहे. पण मग तपासायचं ते जनुक, कातडीचा रंग नव्हे. शंभरातल्या शहाण्णव काळ्या माणसांत तो बदल नसतोच. आणि यावरचं टॅफामिडिस हे औषध २०१९ साली बाजारात आलं, तेव्हा त्याची किंमत वर्षाला सव्वादोन लाख डॉलर होती. जनुक सापडलं तरी पैशाचा प्रश्न सुटत नाही.

आणि बाळंतपण. गरोदरपणाच्या शेवटी किंवा बाळंतपणानंतरच्या काही महिन्यांत काही बायकांचं हृदय एकाएकी दुबळं होतं. अमेरिकेत काळ्या बायकांना हे जास्त होतं, त्यांचं निदान उशिरा होतं आणि हृदय पूर्ववत व्हायला वेळही जास्त लागतो. या आजाराची लक्षणं काय? दम, थकवा, पायावर सूज, रात्री झोप नाही. ओल्या बाळंतिणीला हे ‘होतंच’ असं म्हणणाऱ्या आया, सासवा आणि डॉक्टर जगात कुठे नाहीत? वेळेवर एको काढला आणि औषधं सुरू झाली तर यांतल्या कितीतरी बायका पूर्ण बऱ्या होतात. उशीर झाला तर लहान मूल मागे ठेवून जातात.

हे सगळं तिकडचं झालं, मराठी मासिकात कशाला, असं एखादी विचारेल. जोतीरावांनी १८७३ साली ‘गुलामगिरी’ अर्पण केली ती गुलामांची मुक्तता करणाऱ्या अमेरिकेतल्या सज्जनांना. १९७२ साली मुंबईत दलित पँथर उभी राहिली तिनं नावच काळ्यांच्या चळवळीतून घेतलं. त्या मूळच्या ब्लॅक पँथर पक्षानं वस्त्यांमधून मोफत दवाखाने चालवले होते आणि सिकलसेलची तपासणी सुरू केली होती, ही गोष्ट आपण फारशी आठवत नाही. सिकलसेलला अमेरिकेत ‘काळ्यांचा रोग’ म्हणत. तोच रोग आपल्याकडे गडचिरोलीत, नंदुरबारमध्ये, विदर्भातल्या आदिवासी आणि दलित वस्त्यांत आहे. त्याचा संबंध रंगाशी नाही, जिथे पिढ्यानपिढ्या हिवताप होता त्या भूगोलाशी आहे. रोगाला वंशाचं नाव दिलं की माणसं नकाशा पाहणं सोडून देतात.

आणि ‘रक्तातच आहे’ हे वाक्य आपल्याइतकं कुणाच्या ओळखीचं असणार? जातीच्या बाजूनं बोलणाऱ्यांनी ते आपल्याला पिढ्यानपिढ्या ऐकवलं. बाईच्या बाबतीत तर विचारूच नका, राग आला तरी रक्तातच आणि सोसलं तरी रक्तातच. औषध कुणावर तपासायचं हा प्रश्नही आपल्या चळवळीला नवा नाही. नेट-एन या गर्भनिरोधक इंजेक्शनच्या चाचण्या बायकांना पुरेशी माहिती न देता होत होत्या, म्हणून हैदराबादच्या स्त्री शक्ती संघटनेनं इतर गटांसह १९८६ साली सर्वोच्च न्यायालयात धाव घेतली होती. तेव्हा आपण म्हणत होतो, आमच्यावर न विचारता तपासू नका. आज त्याच्या जोडीला म्हणायचं आहे, आम्हांला वगळूनही तपासू नका. २०१४ साली हार्ट फेल्युअरच्या एका नव्या औषधाची आठ हजारांहून अधिक रुग्णांवरची चाचणी प्रसिद्ध झाली. त्यातही स्त्रिया पाचात एकीच्या आसपास आणि काळे शंभरात पाच.

आपल्या देशातले आकडेही बोलके आहेत. त्रिवेंद्रम जिल्ह्यातल्या रुग्णालयांनी २०१३ साली हार्ट फेल्युअरनं दाखल झालेल्या १,२०५ रुग्णांची नोंद ठेवली. सरासरी वय सुमारे ६१ वर्षं. पाश्चात्त्य देशांतल्या रुग्णांपेक्षा हे कितीतरी कमी. स्त्रिया होत्या ३१ टक्के. पाच वर्षांत यांतले ५९ टक्के लोक गेले. ज्यांना शिफारस केलेली औषधं नीट मिळत होती ते जास्त जगले. मला त्या ३१ टक्क्यांपाशी थांबावंसं वाटतं. बायकांना आजार कमी होतो, की बायका दवाखान्यापर्यंत कमी पोचतात? माझ्या ताईची दोन वर्षं डोळ्यांपुढे ठेवून मी हा प्रश्न विचारते आहे. शिवाय आपल्याकडे झडपा खराब होऊन हृदय थकणाऱ्या तरुण बायका आहेत. लहानपणी घसा दुखून ताप येतो, दाटीवाटीच्या घरात तो एकाकडून दुसऱ्याकडे जातो, उपचार होत नाहीत आणि पुढे गरोदरपणात एक दिवस दम लागतो. पेनिसिलिन स्वस्त आहे. हेही रक्तात नाही.

मग करायचं काय? माझ्या मनात तीन साध्या गोष्टी आहेत. एक, आपल्या प्रत्येक गटाच्या मासिक बैठकीत रक्तदाब मोजायचा आणि वहीत लिहायचा, तिशीपासूनच्या प्रत्येकीचा. दोन, दम, सूज आणि वाढत्या उशा ही तीन लक्षणं पाठ करायची, आणि कुणी ‘वयानं होतं’ किंवा ‘बाळंतपणानं होतं’ म्हटलं तर ‘एको काढायचा का?’ हे स्पष्ट विचारायचं. तीन, डॉक्टर, संशोधक, सरकार यांच्याकडे मोजणीचा आग्रह धरायचा. किती बायका, कुठल्या थरातल्या, कुठल्या जातीतल्या, कुठल्या गावातल्या. मोजू नका असं मी म्हणत नाही. मोजलं नाही तर अन्याय दिसतच नाही. पण मोजलेल्या फरकाला चटकन ‘रक्त’ हे नाव देऊन फाईल बंद करू नका, एवढंच म्हणणं आहे. अमेरिकेत बिली एव्हरी आणि त्यांच्या सोबतिणींनी १९८३ साली अटलांटाच्या स्पेलमन कॉलेजात काळ्या स्त्रियांच्या आरोग्याची पहिली मोठी परिषद भरवली, तेव्हा त्यांनीही सुरुवात अशीच केली होती, बायकांनी गोल करून बसून आपापल्या शरीराबद्दल खरं बोलायचं.

ताई आता घरी आहे. दोन उशांवर झोपते. सकाळी गोळ्यांची डबी उघडून एकेक गोळी मोजते आणि हजेरी घेतल्यासारखी नावं घेते. परवा तपासणीला गेलो, तेव्हा तोच तरुण डॉक्टर भेटला. त्यानं आपणहून सांगितलं, “आजी, तुमचा प्रश्न मी शोधला. बायका कमीच होत्या हो.” ताई म्हणाली, “शोधलास ना, मग पास!” मलाही बरं वाटलं. विचारलं की कुणीतरी शोधतं.

तुमच्या घरात, गटात, वस्तीत कुणाला असा दम लागत होता आणि काय ऐकून घ्यावं लागलं, ते आम्हांला लिहून कळवा. पुढच्या अंकात ती पत्रं एकत्र छापू. आणि हो, आज रात्री घरातल्या बायका किती उशा घेऊन झोपतात, तेवढं एकदा बघा.